तळं कुणाच्या नावावर?

माझी नात कन्नड माध्यमात सातवीत आहे. गेल्या आठवड्यात शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून तिनं विचारलं, "आज्जी, ‘जौगु प्रदेश’ला आपल्यात काय म्हणतात गं?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "दलदल." पेपर वाचत बसलेले तिचे आजोबा लगेच म्हणाले, "दलदल काय? पाणथळ जागा म्हण." सूनबाईचं माहेर गदग जिल्ह्यातलं. ती आतून म्हणाली, "अत्ती, आमच्याकडं आपलं साधं केरी म्हणतात." नातीनं तिन्ही शब्द वहीत उतरवले आणि चौथा प्रश्न टाकला, "मग ती जागा असते कुणाची?"

याचं उत्तर घरात कुणालाच चटकन देता आलं नाही. दोन दिवस मीही विचार करत होते, म्हणून आज वाचकहो, लोणची-पापड बाजूला ठेवून तुम्हाला तळ्याकाठी नेते.

आधी शब्दांचं बघू. दलदल म्हणजे पाय रुततो ती जागा. पाणथळ म्हणजे जिथं वर्षभर किंवा काही महिने उथळ पाणी साचून राहतं ती. आणि केरी, पुस्तकी कन्नडात केरे, म्हणजे माणसानं बांध घालून अडवलेलं पाणी. आपल्या भागातले पाणपक्षी बघायचे तर या तिसऱ्या शब्दाशिवाय गत्यंतर नाही. बेळगाव, धारवाड, गदग, विजापूर या टापूत बदकं, बगळे, करकोचे जिथं उतरतात त्यातली बहुतेक पाणी पूर्वजांनी शेतीसाठी आणि पिण्यासाठी अडवलेली आहेत. ‘केरेगे हार’ या कन्नड लोककथेतली भागीरथी आठवते ना? तळ्याला पाणी लागेना म्हणून घरच्या धाकट्या सुनेचा बळी दिला, ती गोष्ट. माझ्या सुनेनं ती लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला सांगितली होती. का सांगितली कोण जाणे! पण तळं गावाला काय भावानं पडतं ते त्या गोष्टीतून कळतं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. गोकाकचा धबधबा पाहिला नाही असं बेळगावात घर नसेल. पण तिथून वर धुपदाळला किती जण गेलेत? घटप्रभेवरचा हा बंधारा 1897 साली पुरा झाला. उद्देश एकच, कालव्यानं शेताला पाणी द्यायचं. बंधाऱ्यामागं पाणी पसरलं, मधे गाळाची बेटं झाली, कडेला बाभळी वाढल्या आणि पक्षी येऊन राहिले. त्यांना कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. पाऊणशे वर्षांनी, 1974 मध्ये, सरकारनं तिथं घटप्रभा पक्षी अभयारण्य जाहीर केलं, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. हिवाळ्यात इथं कांड्या करकोचे आणि युरोपातून येणारे पांढरे करकोचे दिसल्याच्या नोंदी आहेत. आपण मिरजेच्या गाडीनं जाताना घटप्रभा स्टेशनवर चहा घेतो आणि पुढं जातो.

गंमत म्हणजे आपण मराठीत याला अभयारण्य म्हणतो, ज्यात अरण्य कुठंच नाही, आणि कन्नडात पाटी असते ‘पक्षिधाम’. मला कन्नड शब्द जास्त पटतो.

पण या धामाच्या पाण्याच्या दोन सासवा आहेत. पक्ष्यांची जबाबदारी अरण्य इलाख्याची आणि पाण्याची नीरावरी इलाख्याची, म्हणजे पाटबंधारे खात्याची. वरती हिडकलचं धरण आहे. तिथून किती पाणी सोडायचं आणि कालव्याची पाळी केव्हा द्यायची हे पिकाकडे बघून ठरतं, आणि तसंच ठरायला हवं हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला सांगायला नको. पण कोणता पक्षी राहील हे पाण्याच्या खोलीवर असतं. शराटी आणि चमचा गुडघाभर पाण्यात चालून खातात. पाणी कमरेला लागलं की ते उठून जातात. वारकरी हा काळा पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा म्हणून हे नाव, त्याला पाण्यात वनस्पती लागते. हळदीकुंकू बदकाला (चोचीवर पिवळं टोक आणि मुळाशी लाल ठिपके, आपल्या बायकांनीच नाव ठेवलं असणार!) उथळ पाणी आणि काठाचं गवत हवं. टिटवीला आणि चिखल्यांना पाणी ओसरल्यावरचा ओला चिखल लागतो. म्हणजे दारं एक फूट खालीवर झाली की पाहुणे बदलतात. पक्ष्यांचा कारभार खरा त्या दारावरच होतो, आणि त्याची चावी पक्षी सांभाळणाऱ्यांकडे नसते.

श्रीरंगपट्टणजवळचं रंगनतिट्टू तुम्हाला सहलीमुळे माहीत असेल. तिट्टू म्हणजे बेट. कावेरीवर सतराव्या शतकात म्हैसूरच्या राजानं, कंठीरव नरसराज ओडेयर यांनी, बंधारा घातला आणि त्यातून ही बेटं झाली. तीही माणसाच्याच हातची! पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली यांनी तिथली वीण पाहिली आणि त्यांच्या सांगण्यावरून म्हैसूर संस्थानानं 1940 मध्ये ती जागा राखीव केली. 2022 मध्ये रंगनतिट्टू कर्नाटकातलं पहिलं रामसर स्थळ झालं. तरी आजही पावसाळ्यात कृष्णराजसागरातून जोराचं पाणी सोडावं लागलं की बेटं बुडतात आणि घरटी वाहून जातात. प्रमाणपत्र भिंतीवर असलं म्हणून पाणी थांबत नाही.

रामसर म्हणजे काय, हे नातीनंही विचारलं. इराणमध्ये कॅस्पियन समुद्राकाठचं ते गाव. 1971 साली तिथं देशोदेशींनी पाणथळ जागा राखण्याचा करार केला. भारत 1982 मध्ये त्यात आला. ओडिशाचं चिल्का आणि राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव ही आपली यादीतली पहिली दोन नावं. महाराष्ट्राचं पहिलं नाव यायला 2020 उजाडलं, नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. तेही गोदावरीवरच्या बंधाऱ्याचंच पाणी. गोव्याचा कुडचड्याचा नंदा तलाव 2022 मध्ये आला.

आता भरतपूरचं नाव निघालंच आहे तर तिथं जरा थांबू. राजस्थान लांब आहे खरं, पण पाणथळ कशी राखावी आणि कशी राखू नये, हे दोन्ही धडे तिथं एकाच बांधावर मिळतात.

भरतपूरची ती सखल जागा. अठराव्या शतकात राजा सूरजमल यांनी अजान बांध घातला आणि पावसाळ्यात तिथं पाणी भरू लागलं. पुढं संस्थानिकांनी ते खास बदकांच्या शिकारीसाठी राखलं. पाहुणा जितका मोठा, तितका नेम मोठा. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. तिथं एका दगडी भिंतीवर अशा शिकारींचा हिशेब कोरून ठेवलाय, आपल्याकडे देवळात देणगीदारांची नावं कोरतात तसा. पण पाणी टिकलं तेही या शिकारीच्या हौसेमुळेच, हेही मान्य करायला हवं. नाहीतर नांगर फिरला असता.

स्वातंत्र्यानंतर शिकार थांबली, अभयारण्य झालं आणि 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान. उद्यान म्हटलं की आत गुरं चालत नाहीत, कायदाच तसा. भोवतालच्या गावांची गुरं-म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथं चरत होत्या. नोव्हेंबर 1982 मध्ये चराई बंद झाली, भिंतीपाशी गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि माणसं मेली. त्या वेळी पक्षीतज्ज्ञांनाही चराई थांबलेली हवीच होती. गुरं गेली की पक्षी वाढतील हे कुणालाही पटण्यासारखं होतं.

झालं उलटंच. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा तिथं 1980 ते 1990 असा दहा वर्षांचा अभ्यास चालू होता. त्यात दिसलं की म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं, उघडं पाणी झाकलं गेलं आणि बदकांना पोहायला, मासे खाणाऱ्यांना शोधायला जागा राहिली नाही. म्हैस गवत खात होती, पायानं तुडवत होती, शेण टाकत होती, म्हणून पाणी मोकळं राहत होतं. नंतर गावकऱ्यांना गवत कापून न्यायला परवानगी दिली गेली. पण गेलेली माणसं परत आली नाहीत आणि गावांच्या मनातली भिंत गवताबरोबर कापली गेली नाही.

मला या गोष्टीत एक खटकतं आणि एक आवडतं. खटकतं ते हे की, म्हशी चारणाऱ्या माणसाला आधी विचारलं असतं तर त्यानं दहा वर्षं न थांबता सांगितलं असतं की हे गवत म्हैस खाते. आणि आवडतं ते हे की, ज्यांना चराई नको होती त्याच बाजूच्या लोकांनी आपलाच अंदाज चुकल्याचं छापून सांगितलं. घरातसुद्धा किती जणांना हे जमतं?

भरतपूरचं पुढचं दुखणं पाण्याचंच. 2004 च्या सुमारास वरच्या पांचना धरणाचं पाणी उद्यानाला सोडायला शेतकऱ्यांनी विरोध केला आणि उद्यान कोरडं पडलं. जागतिक वारसा म्हणून मिरवलेली जागा, आणि तळ्यात भेगा. पुढं दुसरीकडून, गोवर्धनच्या नाल्यातून आणि चंबळेच्या नळातून, पाणी आणावं लागलं. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्या पाण्याच्या वाटणीत बदकांचा हिस्सा किती, हे कुणी त्याच्यासमोर बसून कधी ठरवलंच नव्हतं.

आपल्या दक्षिणेकडे याच्या नेमकी उलट उदाहरणं आहेत. तमिळनाडूतल्या वेदांतंगलच्या गावकऱ्यांनी 1798 मध्ये कंपनी सरकारच्या कलेक्टरकडून लेखी हुकूम मिळवला की आमच्या तळ्यावर बंदूक चालवायची नाही. त्यांचा हिशेब रोकडा होता. पक्ष्यांची विष्ठा पडलेलं तळ्याचं पाणी भाताला खत होतं. मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करेबेळ्ळूरला तर तळंसुद्धा नाही, चिंचेची झाडं आहेत. कोक्करे म्हणजे करकोचे-बगळे, नावातच गाव पक्ष्यांचं. चित्रबलाक आणि हेज्जार्ले, म्हणजे आपले झोळीवाले पेलिकन, परसातल्या चिंचेवर घरटी करतात. चिंच उतरवायची सोडून द्यावी लागते, त्याची काही भरपाई अरण्य इलाखा झाडाच्या मालकाला देतो. गावातल्या बायका म्हणतात, बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी आहेत त्या. माहेरपणाचा खर्च थोडाफार सरकार देतं एवढंच!

आता सूनबाईच्या माहेरी येते. शिरहट्टी तालुक्यातलं मागडी केरी. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही बीगरांकडे, म्हणजे व्याह्यांकडे, गेलो तेव्हा पहाटेच सगळ्यांना उठवून तिथं नेलं. धुक्यातून एकदम गलका आला. पट्टकदंब हंस, कन्नडात पट्टेतले हेब्बातू. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हे मंगोलिया, तिबेट, लडाखकडे वीण करतात आणि हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात. मंगोलियात गळ्यात खुणेची पट्टी घातलेले हंस कर्नाटकातल्या तळ्यांवर दिसल्याच्या नोंदी आहेत. दुपारी ते पाण्यावर पेंगतात. पण सकाळ-संध्याकाळ चरायला जातात ते शेतात.

शेत कुणाचं? त्यातलं एक सुनेच्या भावाचं.

हरभरा बोटभर वर आलेला. तो बांधावर उभा राहून दाखवत होता, इथून इथपर्यंत खाल्लं. विहीणबाई हसून म्हणाल्या की शेंडे खुडले तर फुटवे जास्त फुटतात, आम्ही नाही का भाजीला खुडत? तो म्हणाला, "अव्वा, तू चार शेंडे खुडतेस. ही पाचशे जण येतात आणि मुळासकट उपटतात." शेजारच्यांनी फटाके लावायला सुरुवात केली होती. यानं आणून ठेवले होते, पण लावले नव्हते. का, विचारलं तर खांदे उडवले आणि म्हणाला, "बरली बिड्री, अत्ती." येऊ देत. त्याच्या आजोबांच्या वेळेपासून येतात म्हणे. पण जेवताना पुन्हा तोच विषय निघाला आणि त्याचा आवाज चढला. 2024 च्या जानेवारीत मागडीचं नाव रामसर यादीत गेलं, अघनाशिनीची खाडी आणि विजयनगर जिल्ह्यातलं अंकसमुद्र यांच्याबरोबर. पाटी लागली, सहली वाढल्या. "जगाला कळलं," तो म्हणाला, "पण माझ्या हरभऱ्याला काय?"

मी परत येताना त्याला म्हटलं होतं की बघून सांगते. म्हणून एका वकील ओळखीच्यांकडून कायदा समजून घेतला. तो असा. वन्यजीव कायदा 1972 चा. त्यात आधी राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य अशा दोनच मोठ्या चौकटी होत्या, दोन्हीत माणूस बाहेरचा. 2002 च्या दुरुस्तीनं दोन नव्या चौकटी आल्या. सरकारी जमिनीवर ‘संवर्धन राखीव’ आणि खासगी किंवा गावकीच्या जमिनीवर ‘समुदाय राखीव’. मागडी केरी पहिल्या प्रकारात, कोक्करेबेळ्ळूर दुसऱ्या. संवर्धन राखीव करण्याआधी तिथल्या लोकांशी बोलावं लागतं आणि नंतर एक व्यवस्थापन समिती असते. त्या समितीत ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत ती जागा येते त्या प्रत्येकीचा एक प्रतिनिधी, वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्थांचे तीन, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्याचा एकेक माणूस. म्हणजे हरभऱ्याचा विषय काढायला तिथं कृषी खात्याचा माणूस कायद्यानंच बसवलाय. समिती सल्ला देते, हुकूम देत नाही, हे खरं. पण सल्लासुद्धा मागितल्याशिवाय निघत नाही.

दुसरी गोष्ट कळली ती मात्र मला अस्वस्थ करून गेली. पाणथळ जागांसाठी केंद्राचे वेगळे नियम आहेत, 2017 चे. त्यात पाणथळ म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येतून काही पाणी वगळलंय. नद्यांची पात्रं, भातखाचरं, आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं बांधलेले तलाव. रामसर यादीतली स्थळं नियमांत येतात, पण गावोगावची केरी? ती तर सगळी बांधलेलीच. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2017 मध्ये उपग्रहानं मोजलेल्या दोन लाखांवर पाणथळ जागा, सव्वादोन हेक्टरच्या वरच्या, राखायला सांगितल्या होत्या आणि डिसेंबर 2024 मध्ये त्यांची जागेवर जाऊन पाहणी करा म्हणून राज्यांना पुन्हा बजावलं. तेव्हा आपल्या गावचं तळं त्या मोजणीत आहे की ‘सिंचनाचं’ म्हणून बाहेर, हे ज्यानं त्यानं विचारायला हवं. कारण बाहेर असलं तर भराव घालणाऱ्याला अडवायला एक कागद कमी पडतो. आणि भराव हंसांपेक्षा लवकर येतो, हे बेळगावातल्या लोकांना मी काय सांगणार!

जुन्या म्हैसूर भागात तळ्याच्या पाण्यावर ‘नीरगंटी’ नावाचा माणूस असायचा. तूबू, म्हणजे तळ्याचं दार, उघडायचा आणि लावायचा तो. कुणाच्या वाफ्यात किती पाणी हे तो सांगायचा आणि गाव ऐकायचं. त्याला धान्य मिळायचं. आता दार एका खात्याचं, पक्षी दुसऱ्याचे, मासे लिलावात तिसऱ्याचे आणि काठची जमीन महसुलाची. म्हणून नातीच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येत नव्हतं.

रविवारी ती आणि तिचे आजोबा आमच्या मूळ गावच्या तळ्याचा उतारा काढून बघायला गेले. मालकाच्या रकान्यात ‘सरकारी केरे’ एवढंच होतं. तिनं तेच वहीत लिहिलं. रात्री मामाला फोन लावला तेव्हा त्यानं विचारलं, "ते समितीचं कलम कन्नडात लिहून देशील का? शुक्रवारी पंचायतीची सभा आहे." ती जेवण अर्धं टाकून लिहायला बसली. ‘संवर्धन’ला कन्नडात कोणता शब्द घालायचा यावर तिचं आणि तिच्या आईचं अजून चाललंय.